पराभूतांचा विनोद : मारिओ मोनिचेल्ली यांची चित्रसृष्टी

भारतीय रसिकाचा इटालियन चित्रपटाशी पहिला व्यापक परिचय झाला, तो १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘सायकल चोर’ आणि रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा ‘रोम : खुले शहर’ या चित्रपटांनी येथील दिग्दर्शकांना जणू नवी दृष्टी दिली. पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर त्या दर्शनाचा ठसा स्पष्ट दिसतो. तेव्हापासून इटालियन चित्रपट म्हणजे नववास्तववाद, आणि नववास्तववाद म्हणजे दारिद्र्याचे करुणगंभीर चित्रण, असे एक समीकरण आपल्याकडील चित्रपटविषयक लेखनात रूढ झाले. या समीकरणात एका मोठ्या वस्तुस्थितीचा विसर पडला. त्याच रोममध्ये, त्याच पडक्या घरांतून आणि त्याच रिकाम्या पोटांतून एक हास्यही जन्माला आले होते. ते हास्य पुढे वीसेक वर्षे इटलीच्या सामाजिक इतिहासाचे सर्वांत धीट भाष्यकार ठरले. ‘कोम्मेदिया आल्लितालियाना’ म्हणजे ‘इटालियन पद्धतीचा विनोद’ या नावाने हा प्रवाह ओळखला जातो. हे नाव पिएत्रो जेर्मी यांच्या ‘इटालियन पद्धतीचा घटस्फोट’ (१९६१) या चित्रपटाच्या शीर्षकावरून पडले आणि प्रारंभी ते काहीशा तुच्छतेनेच वापरले जाई. या प्रवाहाचा आरंभ ज्यांच्या कृतीपासून मानला जातो, ते दिग्दर्शक म्हणजे मारिओ मोनिचेल्ली.

मोनिचेल्ली यांनी साठाहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांतील महत्त्वाच्या कृती एकापुढे एक ठेवल्या, तर त्यांच्या मुळाशी एकच कथाबीज असल्याचे ध्यानात येते. काही किरकोळ माणसे एकत्र येतात, आपल्या कुवतीबाहेरचे काम अंगावर घेतात आणि त्यात सपशेल हरतात. हे बीज विनोदी वाङ्मयाला नवीन नाही. हास्यास्पद ठरणाऱ्या या माणसांच्या पराभवातून देशाचा अधिकृत इतिहास तपासून पाहणे, ही मात्र मोनिचेल्ली यांची खास कामगिरी होय. इतिहास जेत्यांचा लिहिला जातो, या घासून गुळगुळीत झालेल्या विधानाला त्यांनी उत्तर दिले ते हरणाऱ्यांच्या हसऱ्या बखरी रचून. या हास्याची शक्ती कशात होती आणि ते अखेरीस का आटले, हा त्यांच्या चरित्रातील खरा प्रश्न आहे.

मोनिचेल्ली यांचा जन्म १६ मे १९१५ रोजी रोममध्ये झाला. तोस्काना प्रांतातील व्हियारेज्जो या समुद्रकाठच्या गावाशी त्यांचे नाते इतके घट्ट होते, की त्यांचे जन्मस्थान तेच असल्याचा समज दीर्घकाळ प्रचलित राहिला. वडील तोम्माझो हे पत्रकार आणि नाटककार. आत्या आंद्रेईना ही प्रख्यात प्रकाशक आर्नोल्दो मोंदादोरी यांची पत्नी. त्यामुळे छापील शब्दाचा सहवास या मुलाला जन्मजातच लाभला. पीसा येथे इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण चालू असतानाच आतेभाऊ आल्बेर्तो मोंदादोरी याच्या साथीने त्यांनी हौशी चित्रपट सुरू केले. १९३४ मध्ये एडगर ॲलन पो याच्या कथेवर एक लघुपट केला. १९३५ मध्ये हंगेरियन लेखक फेरेन्स मोल्नार याच्या ‘पाल रस्त्यावरची मुले’ या कादंबरीवर आधारलेल्या मूकपटाला व्हेनिस येथे हौशी विभागात पारितोषिक मिळाले. गल्लीतील दोन टोळ्यांच्या युद्धाची ही कथा आहे आणि त्या युद्धाचा शेवट एका मुलाच्या मृत्यूत होतो. विशीतील दिग्दर्शकाने नेमका हाच विषय निवडावा, याला पुढील वाटचाल पाहता योगायोगाहून अधिक अर्थ आहे.

तो काळ मुसोलिनीच्या राजवटीचा होता. पडद्यावर श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील गोड प्रणयकथांचे राज्य होते. त्या दिवाणखान्यांतील पांढऱ्या दूरध्वनीमुळे हा सारा चित्रपटप्रकारच ‘पांढरा टेलिफोन’ या नावाने हिणवला गेला. अशा चित्रपटांच्या सेटवर मोनिचेल्ली साहाय्यक म्हणून राबले, त्यांनी पटकथा लिहिल्या आणि नंतर युद्धही पाहिले. १९४६ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. या घटनेचे त्यांनी कधी भांडवल केले नाही. मृत्यूकडे भावविवशतेवाचून पाहण्याची त्यांच्या चित्रपटांची रीत मात्र पुढे क्रमाने स्पष्ट होत गेली.

युद्धोत्तर इटालियन विनोदाचा उगम शोधायचा तर चित्रपटगृहाआधी विनोदी नियतकालिकांच्या कचेऱ्यांत डोकवावे लागते. १९३१ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या ‘मार्काउरेलिओ’ या नियतकालिकात आणि त्याच्या भावंडांत जी तरुण मंडळी चुटके आणि व्यंगचित्रे करीत होती, तीच पुढे पटकथालेखनाकडे वळली. फेदेरिको फेल्लिनी तिथलेच. स्तेफानो व्हांझिना ऊर्फ स्तेनो हेही तिथलेच. आजे आणि स्कार्पेल्ली या जोडनावाने गाजलेले दोघे पटकथाकार अशाच हास्यपत्रांच्या वर्तुळातून आले. एका टेबलाभोवती पाचसहा जणांनी बसून, एकमेकांची खोडी काढत, एकेक प्रसंग घासूनपुसून घ्यायचा, ही पद्धत या मंडळींनी चित्रपटात आणली. मोनिचेल्ली अखेरपर्यंत या पद्धतीशी निष्ठावान राहिले. चित्रपट ही एकट्या प्रतिभावंताची निर्मिती मानणाऱ्या फ्रेंच विचाराचा पुढे सर्वत्र बोलबाला झाला, तेव्हाही ते स्वतःला कलावंत म्हणवून घेण्यापेक्षा कारागीर म्हणवून घेणे पसंत करीत. त्यांच्या चित्रपटांचे नायक नेहमी टोळीने वावरतात, याचे एक कारण कदाचित हेही असावे, की त्यांचे कर्तेही टोळीनेच काम करीत होते.

१९४९ पासून स्तेनो यांच्या जोडीने मोनिचेल्ली दिग्दर्शनात उतरले. त्यांचा पहिला आधार होता नेपल्सचा अद्वितीय विनोदी नट तोतो. ‘तोतो घर शोधतो’ (१९४९) या पहिल्याच चित्रपटाचा विषय युद्धानंतरची घरांची टंचाई हा होता. १९५१ चा ‘ग्वार्दिए ए लाद्री’ (पोलीस आणि चोर) हा या जोडीचा सर्वांत परिपक्व चित्रपट. आल्दो फाब्रित्सी यांचा लठ्ठ पोलीस तोतोच्या भुरट्या चोराचा पाठलाग करतो. चोर निसटतो, आणि त्याला ठराविक मुदतीत पकडून आणले नाही तर पोलिसाची नोकरी जाणार, असे ठरते. चोराचा माग काढताना पोलिसाची त्याच्या कुटुंबाशी ओळख होते, दोन्ही घरांत जाणेयेणे सुरू होते, आणि दोघांच्याही संसारात सारखीच ओढाताण असल्याचे उघड होते. शेवटी पोलिसाचा हात अटकेसाठी पुढे होत नाही, तेव्हा चोरच त्याला तुरुंगाच्या वाटेने ओढत नेतो. १९५२ च्या कान महोत्सवात या चित्रपटाच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. ‘सायकल चोर’मधील चोरीचा प्रश्न येथे हास्याच्या अंगाने पुन्हा मांडला गेला होता. सत्ताधाऱ्यांना मात्र अशा हास्याचे भय वाटे. १९५३ मध्ये चित्रित झालेल्या ‘तोतो आणि कारोलिना’त एक पोलीस आत्महत्येस प्रवृत्त झालेल्या गरोदर मुलीला तिच्या गावी पोचवायला निघतो. पोलीसखात्याची प्रतिष्ठा आणि धर्मभावना यांच्या नावाखाली सेन्सॉरने त्याला इतक्या कात्र्या लावल्या, की तो प्रदर्शित व्हायला १९५५ उजाडले, आणि तोही विद्रूप होऊन.

१९५८ चा ‘ई सोलिती इन्योती’ ही मोनिचेल्ली यांच्या कारकिर्दीतील आणि इटालियन विनोदाच्या इतिहासातील सीमारेषा होय. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘नेहमीचेच अज्ञात’. मराठी वृत्तपत्रे ज्या सराईतपणे ‘अज्ञात चोरट्यांनी’ असे छापतात, त्याच सराईतपणे इटालियन पत्रे हे शब्द योजत. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत आणि ठाऊक करून घेण्याची गरजही कोणाला वाटत नाही, अशांची ही कथा आहे. झ्यूल दासँ यांच्या ‘रिफिफी’ (१९५५) या चित्रपटातील शास्त्रशुद्ध, निःशब्द घरफोडी तेव्हा गाजत होती. तिचे विडंबन करण्याची मूळ कल्पना होती. पण विडंबन पाहता पाहता मागे पडले आणि माणसे पुढे आली. हरलेला मुष्टियोद्धा पेप्पे. बायको सिगारेटच्या चोरट्या व्यापारापायी तुरुंगात गेल्याने कडेवर तान्हे मूल घेऊन फिरणारा छायाचित्रकार तिबेरिओ. अनाथालयात वाढलेला मारिओ. बहिणीला घरात कोंडून ठेवणारा सिसिलियन फेर्रिबोत्ते. आणि सदैव भुकेलेला म्हातारा कापान्नेल्ले. गहाणवटीच्या सरकारी पेढीची तिजोरी शेजारच्या रिकाम्या घराची भिंत फोडून लुटायची, असा यांचा बेत. तिजोरी फोडण्याचे पाठ त्यांना देतो तोतो. जुन्या विनोदाचा हा राजा येथे छोट्याशा भूमिकेत येतो आणि विद्या शिकवून बाजूला होतो, जणू एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेला हा वारसाच.

रात्रभर खपून ते भिंत फोडतात आणि पलीकडे निघते त्याच घराचे स्वयंपाकघर. फुटली ती भिंतच चुकीची असते. मग ही टोळी काय करते? चुलीवर ठेवलेला पास्ता आणि हरभरे खायला बसते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात बातमी येते, ती अज्ञात चोरट्यांनी घर फोडून जेवण केल्याची. या प्रसंगातील हास्य कशाने उत्पन्न होते, हे पाहण्यासारखे आहे. मनोरथ आणि प्राप्ती यांतील अंतर हे तर विनोदाचे जुनेच कारण. पण येथे ते अंतर भुकेने मोजले गेले आहे. ज्याला तिजोरी हवी होती त्याला जेवण मिळते, आणि खरे पाहता त्याला हवे होते तेही जेवणच. हास्याच्या तळाशी असा एक कडवट खडा बसलेला असणे, ही पुढील साऱ्या प्रवाहाची खूण ठरली. याच चित्रपटात टोळीतला सूत्रधार कोझिमो एका क्षुद्र चोरीच्या प्रयत्नानंतर ट्रामखाली सापडून मरतो. विनोदी चित्रपटात खरा, अटळ आणि निरर्थक मृत्यू येऊ शकतो, हे इटालियन प्रेक्षकाने तोवर पाहिले नव्हते. शेवटही तितकाच उपरोधिक आहे. पोलिसांच्या नजरेतून निसटू पाहणारा पेप्पे कामावर निघालेल्या मजुरांच्या लोंढ्यात सापडतो आणि एका बांधकामावर ढकलला जातो. १९५८ म्हणजे इटलीच्या ‘आर्थिक चमत्कारा’चा उंबरठा. रोमभोवती इमारतींची रानेच्या राने उभी राहत होती. चोराला शिक्षा झाली ती नोकरीची.

या चित्रपटाची भाषिक बाजूही लक्षणीय आहे. इटलीतील प्रत्येक प्रांताची बोली वेगळी, आणि ही टोळी म्हणजे त्या बोलींचा मेळाच. गंमत अशी, की नटांची निवड बोलीवरून केलेली नव्हती. फेर्रिबोत्तेच्या भूमिकेतील तिबेरिओ मुर्जा सार्डिनियाचा. त्याच्या तोंडी सिसिलियन बोली डबिंगने घालण्यात आली. नेपल्सच्या कार्लो पिझाकाने याला बोलोन्याची बोली मिळाली. भारदस्त रंगभूमीवरील नट म्हणून आणि पडद्यावर खलनायक म्हणून ख्यात असलेल्या व्हित्तोरिओ गासमान यांचा चेहरा बदलून, त्यांच्या वाणीला तोतरेपणा देऊन मोनिचेल्ली यांनी त्यांच्यातून एक थोर विनोदी नट घडवला. हा चित्रपट ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकनापर्यंत पोचला, आणि पुढे लुई माल यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत त्याची नवी आवृत्ती केली.

एका वर्षाने आलेल्या ‘ला ग्रान्दे ग्वेर्रा’ (महायुद्ध, १९५९) या चित्रपटाने मोनिचेल्ली यांनी अधिक धोक्याच्या प्रदेशात पाऊल टाकले. पहिल्या महायुद्धात इटलीचे सुमारे सहा लाख सैनिक मरण पावले होते. १९१७ च्या कापोरेत्तोच्या दारुण पराभवानंतर पिआव्हे नदीच्या काठी शत्रूला थोपवून मिळवलेला अंतिम विजय हा राष्ट्राच्या एकात्मतेचा पवित्र अध्याय मानला जाई. फॅसिस्टांनी त्यावर शौर्याचा मुलामा चढवला होता, आणि प्रजासत्ताक आल्यानंतरही तो कोणी खरवडला नव्हता. अशा युद्धावर विनोदी चित्रपट निघतो आहे, असे कळताच चित्रीकरणाआधीच वृत्तपत्रांतून वादळ उठले. चित्रपटाचे नायक दोन अंगचोर सैनिक आहेत : गासमान यांचा मिलानी बुझाक्का आणि आल्बेर्तो सोर्दी यांचा रोमन याकोवाच्ची. दोघांचे एकच ध्येय, कसेही करून जिवंत राहणे. त्यांच्याभोवती निरक्षर, थकलेले, एकमेकांची बोलीही धड न समजणारे हजारो सैनिक आहेत. त्यांतला बोर्दिन हा लेकुरवाळा शिपाई पैशांच्या मोबदल्यात दुसऱ्यांच्या वाट्याच्या जोखमी पत्करतो आणि एक दिवस त्यातच मरतो. ज्युझेप्पे रोतुन्नो यांच्या रुंद कृष्णधवल चौकटीत हा चिखल, ही गर्दी आणि ही वाट पाहण्याची अखंड अवस्था साकार होते. युद्धाचे नेहमीचे चित्रपट जेथे तुताऱ्या वाजवतात, तेथे येथे सूप वाटपाच्या रांगा दिसतात.

अखेरीस हे दोघे ऑस्ट्रियन सैन्याच्या हाती सापडतात. पिआव्हेवरील नावांच्या पुलाची जागा सांगितली तर सुटका, नाहीतर गोळ्या. ते सांगायच्या बेतात असतात. तेवढ्यात शत्रूचा अधिकारी इटालियनांच्या धैर्याची कुचेष्टा करतो. इटालियन भाषेत ‘फेगातो’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : यकृत आणि हिंमत. मराठीत ‘काळीज’ या शब्दाला असाच दुहेरी अर्थ आहे. या लोकांना ताटातले तेवढे काळीज ठाऊक, असा त्या शेऱ्याचा रोख. हा अपमान बुझाक्काला झोंबतो. तो अधिकाऱ्याला शिवी हासडतो आणि मरणाला सामोरा जातो. याकोवाच्ची मात्र आपल्याला काही ठाऊक नाही असा आक्रोश करीत, भित्र्यासारखाच, गोळीला बळी पडतो. गुपित तोही सांगत नाही. लढाई जिंकली जाते, आणि या दोघांचा कप्तान ते याही वेळी अंग चोरून निसटले असणार, अशी समजूत करून घेऊन पुढे निघून जातो. ज्यांनी देशासाठी प्राण दिले त्यांची नोंद पळपुटे म्हणून झाली. वीरगाथेच्या परंपरेवर याहून मर्मभेदी टीका विरळा. रोस्सेलिनी यांच्या ‘जनरल देल्ला रोव्हेरे’ या चित्रपटासह ‘महायुद्ध’ला १९५९ चा व्हेनिसचा सुवर्णसिंह विभागून मिळाला. ‘महायुद्ध’नंतर त्या युद्धाविषयी जुन्या अलंकारिक भाषेत बोलणे इटलीत अवघड झाले.

भारतीय रसशास्त्राचे एक सूत्र येथे उपयोगी पडते. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीतून सांगितली. अभिनवगुप्ताने तिचा विस्तार करून कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. मोनिचेल्ली यांचे हास्य प्रामुख्याने वीररसाच्या आभासातून निर्माण होते. शौर्य गाजवू पाहणाऱ्याच्या ठायी शौर्याची सामग्री नसते, म्हणून प्रेक्षक हसतो. पण शेवटच्या क्षणी त्या आभासाआडून खराखुरा वीर किंवा खराखुरा करुण डोकावतो आणि हसणारा प्रेक्षक खजील होतो. आपण कोणाला हसलो, हा प्रश्न तो घरी घेऊन जातो.

‘ई कोंपान्यी’ (सोबती, १९६३) या चित्रपटात हे तंत्र कामगार चळवळीच्या इतिहासाला लावलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे तोरीनो शहर, कापडगिरणी आणि रोजचे चौदा तासांचे काम. यंत्रात एका कामगाराचा हात चिरडतो आणि भोंगा तासभर आधी वाजवून काम बंद पाडण्याचा भाबडा बेत रचला जातो. तो फसतो. मग पोलिसांना चुकवत, आगगाडीच्या मालडब्यातून उतरतो प्राध्यापक सिनिगाल्या. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी साकारलेला हा फाटका, अर्धांध, भुकेला समाजवादी त्यांना संप करायला शिकवतो. सभेनंतर कोणीतरी विसरलेला पाव तो उचलतो, आणि तोंडात घालणार एवढ्यात मालक तो न्यायला परत येतो. क्रांतीच्या प्रवक्त्याची भूक या एका प्रसंगात जेवढी दिसते, तेवढी ती पानभर वर्णनाने दिसली नसती. संप चिघळतो, सैनिक गोळीबार करतात आणि ओमेरो हा किशोरवयीन कामगार मरतो. धाकट्या भावाने शिकावे, गिरणीत येऊ नये, एवढीच ज्याची इच्छा होती तो हा मुलगा. शेवटच्या दृश्यात गिरणीचे फाटक उघडते, कामगार मान खाली घालून आत जातात, आणि त्यांच्यात ओमेरोचा धाकटा भाऊ असतो. संप हरला हे दाखवून चित्रपट थांबतो. आठ तासांचा दिवस पुढे केव्हातरी आला, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तो कोणाच्या पराभवांवर उभा आहे, हे त्याला येथे दिसते. चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन लाभले, पण इटलीत तो फारसा चालला नाही. संपाच्या कथेत हसण्याची सोय असावी, हे डाव्यांना रुचले नाही आणि विनोदी चित्रपटात संप असावा, हे उजव्यांना.

यानंतर मोनिचेल्ली मध्ययुगात शिरले. ‘लार्माता ब्रांकालेओने’ (ब्रांकालेओनेची सेना, १९६६) मध्ये एक दरिद्री सरदार, पिवळ्या घोड्यावर बसून, चारसहा भणंगांच्या जोरावर दूरची जहागीर ताब्यात घ्यायला निघतो. हॉलिवुडच्या चकचकीत शूर सरदारांना दिलेले हे उत्तर होते. येथील मध्ययुग रोगट, उपाशी आणि अंधश्रद्धांनी ग्रासलेले आहे. साहित्याच्या अभ्यासकाला विशेष मोह पडावा तो या चित्रपटाच्या भाषेचा. आजे, स्कार्पेल्ली आणि मोनिचेल्ली यांनी मोडके लॅटिन, प्राचीन लोकभाषा आणि मध्य इटलीच्या बोली यांच्या मिश्रणातून एक भाषाच रचली. महानुभावीय गद्य, बखरीचा थाट आणि घाटावरची रांगडी बोली एकाच वाक्यात नांदू लागली, तर जे होईल तसे काहीसे ते आहे. अशी भाषा कोणी कधी बोलले नाही, तरी ती प्रत्येकाला समजते. तिची मोहिनी अशी, की ‘आर्माता ब्रांकालेओने’ हा शब्दप्रयोग इटालियन भाषेत अव्यवस्थित, बाजारबुणग्या जथ्यासाठी कायमचा रुजला. लोकभाषेत म्हण होऊन राहण्याचे भाग्य फार थोड्या चित्रपटांना लाभते.

या सर्व टोळ्या पुरुषांच्या आहेत, ही मोनिचेल्ली यांच्या सृष्टीची उघड मर्यादा. त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांतील स्त्रिया बहुधा वाट पाहतात, कोंडल्या जातात किंवा क्षमा करतात. या मर्यादेची जाणीव त्यांना नव्हती असे म्हणता येत नाही. ‘पिस्तूलवाली मुलगी’ (१९६८) या चित्रपटात मोनिका व्हित्ती यांची सिसिलियन नायिका अब्रूचा सूड घ्यायला आपल्या फसवणाऱ्याच्या मागे इंग्लंडला जाते, आणि तेथे अब्रूचे ओझेच फेकून देते. अब्रूच्या नावाखाली केलेल्या हत्येला सौम्य शिक्षा देणारे कलम इटलीच्या दंडसंहितेतून वगळले गेले ते १९८१ मध्ये, म्हणजे या चित्रपटानंतर तेरा वर्षांनी. ‘मुलगी होवो’ (१९८६) हा उत्तरकालीन चित्रपट तर संपूर्णपणे स्त्रियांच्या घराचा आहे.

सत्तरच्या दशकात या हास्याचा रंग पालटला. ‘आमीची मिएई’ (माझे दोस्त, १९७५) हा मुळात पिएत्रो जेर्मी यांचा संकल्प. आजारामुळे त्यांनी तो मोनिचेल्ली यांच्या हाती सोपवला आणि १९७४ च्या डिसेंबरात ते निवर्तले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘पिएत्रो जेर्मी यांचा चित्रपट’ असे नमूद करून मोनिचेल्ली यांनी स्वतःकडे केवळ दिग्दर्शनाचे श्रेय घेतले. फ्लॉरेन्समधील पन्नाशीतले पाच मित्र दिवसचे दिवस निरर्थक थट्टामस्करीत घालवतात. आगगाडीच्या खिडकीतून निरोप देणाऱ्या प्रवाशांना ते फलाटावरून थपडा मारतात. हे हास्य अफाट आहे, पण ते आता भुकेतून येत नाही. पोट भरल्यानंतरच्या रितेपणातून ते येते. टोळी आहे, पण तिला कसलेच काम उरलेले नाही.

यानंतर दोनच वर्षांनी ‘उन बोर्गेझे पिक्कोलो पिक्कोलो’ (एक क्षुद्र, अगदी क्षुद्र मध्यमवर्गीय, १९७७) आला. व्हिन्चेन्त्सो चेरामी यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात सोर्दी हे निवृत्तीला टेकलेले सरकारी कारकून आहेत. मुलाला आपल्याच खात्यात चिकटवण्यासाठी ते साहेबाची मनधरणी करतात, गुप्त मंडळाचे सभासद होतात. पूर्वार्धात प्रेक्षक हसतो, कारण हा माणूस त्याच्या पूर्ण ओळखीचा आहे. परीक्षेच्या दिवशी रस्त्यावरच्या दरोड्यात सुटलेल्या गोळीने मुलगा मरतो. कारकून खुन्याला ओळखतो, पण पोलिसांना सांगत नाही. त्याला पळवून नेऊन, एका निर्जन खोपटात छळून छळून मारतो. ‘ई सोलिती इन्योती’तला किरकोळ माणूस वीस वर्षांत येथवर आला होता. इटलीत तेव्हा राजकीय हिंसेचा कहर होता. पुढच्याच वर्षी माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण आणि हत्या झाली. रसाच्या भाषेत सांगायचे तर येथे आभास संपतो आणि रौद्र व बीभत्स प्रत्यक्ष अवतरतात, म्हणून हास्याला जागाच उरत नाही. तोवर मोनिचेल्ली यांच्या नायकांना हरणे ठाऊक होते. हा पहिला नायक, जो जिंकतो. त्याचा विजय पाहून प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. अनेक अभ्यासक या चित्रपटाला ‘कोम्मेदिया आल्लितालियाना’चा मृत्युलेख मानतात. तो त्या प्रवाहाच्या एका जनकानेच लिहावा, यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. लहान माणूस सदैव सहानुभूतीला पात्र असतो, हा आपल्याच विनोदाचा आधारभूत विश्वास त्यांनी तपासला आणि त्याच्या विरोधात साक्ष दिली.

पुढेही ते थांबले नाहीत. १९८१ च्या ‘ग्रिल्लोचा मार्क्वीस’ या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. १९५७ आणि १९७६ नंतर हा मान त्यांना तिसऱ्यांदा लाभला होता. व्हेनिसने १९९१ मध्ये जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. १९९२ च्या ‘पारेंती सेर्पेंती’ (नातलग, जणू साप) मध्ये नाताळसाठी जमलेल्या मुलांना म्हातारे आईवडील विचारतात, की आम्हाला कोण सांभाळणार, आणि मुले या प्रश्नाचा निकाल त्यांचा जीव घेऊन लावतात. वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, २००६ मध्ये, त्यांनी लिबियाच्या वाळवंटातील इटालियन सैनिकांवर ‘वाळवंटातील गुलाब’ हा शेवटचा कथापट केला. त्यात पुन्हा एक हरणारी तुकडी होती. २९ नोव्हेंबर २०१० रोजी, असाध्य आजाराच्या अखेरच्या अवस्थेत, रोममध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. तेव्हा ते पंच्याण्णव वर्षांचे होते.

इटालियन समीक्षेने मोनिचेल्ली यांना उशिरा न्याय दिला. फेल्लिनी आणि आंतोनिओनी यांच्या काळात गर्दी खेचणाऱ्या विनोदी दिग्दर्शकाकडे व्यावसायिक म्हणून पाहिले गेले. त्यांच्या चित्रचौकटीत लक्ष वेधून घेणारी शैली नव्हती, हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही. मोठ्या निर्मितीसंख्येत बरेच चित्रपट सामान्य आहेत, हेही मान्य केले पाहिजे. परंतु युद्ध, संप, भूक, अब्रू आणि नोकरी हे आधुनिक इटलीच्या इतिहासाचे विषय सामान्य प्रेक्षकापर्यंत ज्या मार्गांनी पोचले, त्यांत त्यांच्या चित्रपटांचा वाटा मोठा आहे. नववास्तववादाने दरिद्री माणसाला पडद्यावर आणून त्याच्याविषयी करुणा जागी केली. मोनिचेल्ली यांनी त्या माणसाला करुणेच्या ओझ्यातून सोडवले. त्याला लबाड, भित्रा, आळशी आणि खोटारडा असण्याचा अधिकार दिला, आणि इतके असूनही इतिहासात त्याची जागा मागितली. भुरट्यांच्या आणि अंगचोरांच्या नावाने मागितलेली ही जागा त्यांच्या उत्तम चित्रपटांनी मिळवून दिली आहे.